बर्फाचा आवाज

आमच्या हिंगोलीकडे आभाळातून बर्फ पडतो तो गारांच्याच रूपाने, आणि पडतो तेव्हा कोणाचे ना कोणाचे नुकसान करूनच जातो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात अशी गारपीट झाली की, कापणीला आलेला गहू जमिनीशी सपाट झाला, हरभऱ्याचे घाटे फुटले आणि आंब्याचा मोहोर झाडांखाली सडा घातल्यासारखा पडला. त्यानंतर दोन-तीन दिवसांनी मी सातवीच्या वर्गात भूगोल शिकवीत होतो. फळ्यावर हिमालयाच्या रांगा काढल्या होत्या व त्यांच्या माथ्यांवर पांढऱ्या खडूने बर्फ रंगविला होता. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला.

"गुरुजी, तिकडं बारा महिने बर्फ असतो म्हणता. मग तिथली माणसं जगतात कशी? रोजचीच गारपीट!"

वर्ग हसला. मला मात्र हसू आले नाही. कारण त्याच आठवड्यात त्या मुलाच्या वडिलांचा सारा गहू मातीला मिळाला होता. मी त्याला समजावून सांगितले की, गार निराळी आणि हिम निराळे. गार उंच ढगात वरखाली हेलकावे घेते, अंगावर बर्फाचे थरावर थर चढविते आणि जड झाली की दगडासारखी खाली येते. हिम हे थंड ढगातील वाफेपासून जन्मते. त्याचे स्फटिक सहा कोनांचे व अतिशय नाजूक असतात आणि ते पिंजलेल्या कापसासारखे अलगद उतरतात.

"मग ते पडताना आवाज येत नाही?"

"नाही."

"अन् त्याच्यावरून चालताना?"

मी क्षणभर थांबलो. ते पाहून त्याने अगदी सरळ मनाने विचारले, "तुम्ही चाललात का गुरुजी कधी बर्फावरून?"

"नाही," मी म्हणालो. मुलगा खाली बसला. त्याला माझा उपमर्द करायचा नव्हता. परंतु पंधरा वर्षे मी ज्या बर्फाविषयी मुलांना शिकवीत आलो, तो मी खडूनेच काय तो पाहिला होता, ही गोष्ट मला त्या दिवशी फार लागली.

पुढच्या वर्षी, म्हणजे २०१५ च्या फेब्रुवारीत, साठवून ठेवलेली रजा काढून मी मनालीला गेलो. तेथे १९६१ साली स्थापन झालेली गिर्यारोहणाची सरकारी संस्था आहे. आज ती अटल बिहारी वाजपेयी यांच्या नावाने ओळखली जाते. या संस्थेच्या वतीने जवळच्या सोलंगच्या उतारांवर हिवाळ्यात स्कीचे प्राथमिक शिक्षण दिले जाते. स्की म्हणजे सुमारे माणसाच्या उंचीच्या, पुढच्या टोकाला किंचित वर वळलेल्या दोन अरुंद पट्ट्या. भुसभुशीत बर्फात माणसाचा पाय गुडघ्यापर्यंत रुततो. पण या पट्ट्यांमुळे अंगाचा भार लांबवर वाटला जातो व माणूस वरच्या वर तरंगतो. उत्तर युरोपात ही युक्ती फार जुनी आहे. स्वीडनमध्ये दलदलीत सापडलेल्या स्की हजारो वर्षांपूर्वीच्या आहेत. आणि १८८८ साली नॉर्वेच्या फ्रिट्यॉफ नान्सेनने पाच सोबत्यांसह ग्रीनलंडचे हिमपठार ओलांडले तेही स्कीवरूनच. माझ्या स्वतःच्या पराक्रमाबद्दल सांगायचे तर पहिले चार दिवस मी फक्त पडलो. पाचव्या दिवशी पडण्याआधी थोडे घसरता येऊ लागले.

पण सोलंगला गर्दी होती, गोंगाट होता, खाद्यपदार्थांच्या टपऱ्या होत्या. तेथे बर्फाचा आवाज कसला ऐकू येणार? तेथेच एका वाटाड्याशी ओळख झाली. साठीच्या घरातला, बुटका, चेहऱ्याची कातडी उन्हाने रापून अक्रोडाच्या कवचासारखी झालेली. माझे म्हणणे ऐकून तो म्हणाला, "मास्टरजी, मे महिन्यात या. हिवाळ्यात बर्फ झोपलेला असतो. वसंतात तो बोलतो."

मेच्या पहिल्या आठवड्यात शाळेला सुट्टी लागताच मी निघालो. हिंगोलीत पारा बेचाळिशी ओलांडीत होता. नांदेडहून अमृतसरला जाणाऱ्या सचखंड एक्सप्रेसमध्ये बसलो तेव्हा डब्यात नामदेवांची गोष्ट निघाली. कारण त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये पंजाबातील घुमान येथे ८८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले होते व आमच्या भागातून काही मंडळी तेथे जाऊन आली होती. ज्यांचे जन्मगाव म्हणून आमच्या कयाधूकाठची नरसी ओळखली जाते, ते नामदेव सुमारे सातशे वर्षांपूर्वी उत्तरेकडे पंजाबपर्यंत गेले. आणि येथे मी, पंख्याखाली बसूनही उकडते म्हणून कुरकुरत होतो. असो. अंबाल्याला उतरून रात्रीच्या बसने मनाली गाठली. पिशवीत बायकोने बांधून दिलेली शेरभर घरची हळद होती. परमुलुखात कोणाच्या घरी रिकाम्या हाताने जाऊ नये, असे तिचे म्हणणे.

वाटाड्याबरोबर त्यांचा वीस-बावीस वर्षांचा पुतण्या होता. आम्ही तिघे सोलंगच्या वर धुंदीपर्यंत गाडीने गेलो. तेव्हा तेथे डोंगर पोखरण्याचे काम चालू होते, तोच ९.०२ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा पुढे ३ ऑक्टोबर २०२० रोजी वाहतुकीस खुला झाला. त्याचे दक्षिणेकडील तोंड ३,०६० मीटर उंचीवर आहे. आमची हिंगोली समुद्रसपाटीपासून जेमतेम साडेचारशे मीटरवर! तेथून नदीच्या काठाने, ब्यास कुंडाच्या दिशेने चढत आम्ही एका कुरणावर पोहोचलो. कुरणाला तिकडे 'थाच' म्हणतात. त्याच्या कडेला दगडी भिंतींची, पत्र्याच्या छपराची एक झोपडी होती. मेंढपाळ येथे कळप घेऊन येतात ते बर्फ वितळून गवत उगवल्यावर. अजून त्यांना अवकाश होता. दारापुढचा बर्फ फावड्याने उपसला तेव्हा कोठे दार उघडले.

त्याच रात्री पश्चिमेकडून ढग आले आणि बर्फ पडू लागला. भूमध्य समुद्राच्या बाजूने येणारे हे वादळवारे हिवाळ्यात व वसंतात हिमालयावर हिम टाकून जातात. आमच्याकडच्या अवकाळी गारपिटीतही पुष्कळदा त्यांचाच हात असतो, हे मी पुस्तकात वाचले होते. मी दाराबाहेर जाऊन उभा राहिलो. खरोखरच आवाज नव्हता. उलट, जे आवाज आधी होते तेही नाहीसे झाले होते. नदीची खळखळ जणू कोणी घोंगडीखाली झाकली होती. नव्या बर्फातील पोकळ्या आवाज शोषून घेतात, त्याचा हा परिणाम. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले.

दुसरा दिवस झोपडीतच गेला. बर्फ वितळवून पाणी करण्यात केवढा वेळ जातो याची मला कल्पना नव्हती. ताज्या बर्फाचे मोठे पातेले भरून चुलीवर ठेवावे, तर तळाशी दोन पेले पाणी. डाळ तर शिजता शिजेना. कारण त्या उंचीवर हवेचा दाब कमी असल्याने पाणी नव्वद अंशांच्या आसपासच उकळते. तिसऱ्या प्रहरी आभाळ निवळले. समोर हनुमान टिब्बा उभा होता, जवळजवळ सहा हजार मीटर उंचीचा, नुकताच न्हाऊन आल्यासारखा.

तिसऱ्या दिवशी पहाटे चारला आम्ही उठलो. कुरणाच्या टोकाला पूर्वाभिमुख असा एक लांब उतार होता व त्याच्या माथ्यावर एक खिंड. त्या खिंडीतून पलीकडची शिखरे दिसतात असे वाटाड्याने सांगितले होते आणि मी मनातल्या मनात तिचा फोटो वर्गाच्या भिंतीवर लावूनही टाकला होता. निघण्यापूर्वी प्रत्येकाने छातीशी एक लहान यंत्र बांधले. हिमलोटाखाली कोणी गाडले गेलेच, तर त्या यंत्राच्या संदेशावरून त्याला शोधता येते. माणूस पंधरा मिनिटांच्या आत बाहेर काढला तर बहुधा वाचतो; पुढे आशा झपाट्याने मावळते. पुतण्याच्या पाठीवर फावडे व लांब सळ्या होत्या.

चढताना स्कीच्या तळाला केसाळ पट्टे चिकटवितात. पूर्वी ते सील या सागरी प्राण्याच्या कातड्याचे असत. आता मोहेरच्या किंवा नायलॉनच्या लवेचे असतात. ही लव मागे झुकलेली असते, म्हणून स्की पुढे सरकते पण मागे घसरत नाही. बैलाच्या पाठीवरून शेपटीकडे हात फिरविला तर मऊ लागते, उलट फिरविला तर केस हाताला अडवितात, तसेच हे. चढताना बुटाची टाच मोकळी ठेवतात, म्हणजे चालता येते. उतरताना ती पक्की बसवितात.

कुरणाच्या ज्या भागात वाऱ्याने नवा बर्फ उडवून नेला होता, तेथे जुना बर्फ रात्रीच्या थंडीने फरशीसारखा टणक झाला होता. त्यावर पावलागणिक कर्र-कर्र असा आवाज येत होता. ज्वारीची कडक भाकरी मोडावी तसा! मी तो मनात नीट साठवून घेतला. पुढे उतारावर वीतभर नवा बर्फ होता. तेथे स्की 'स्स' करीत सरकू लागली. नागमोडी वाटेने आम्ही वर चढत होतो. साडेसहाला ऊन आले. ताजा बर्फ आपल्यावर पडलेल्या प्रकाशापैकी शेकडा ऐंशीहून अधिक परत फेकतो; काळा चष्मा क्षणभर काढला तर डोळ्यांत कोणी वाळू फेकल्याचा भास झाला.

नऊच्या सुमारास तो 'स्स' आवाज बंद पडला. बर्फ ओला होऊन पट्ट्यांना चिकटू लागला. वरच्या खडकांपासून सुपारीएवढे गोळे आपोआप सुटून घरंगळत येत व येता येता लिंबाएवढे होत. मला त्याची गंमत वाटली. वाटाड्ये मात्र प्रत्येक वळणावर थांबून काठी बर्फात खुपसून पाहत होते. दहा वाजता खिंड इतकी जवळ आली की तिच्यातला एकेक दगड मोजता यावा. आणखी अर्धा तास, फार तर पाऊण.

तेवढ्यात पायाखालून आवाज आला, धप्प! गव्हाचे भरलेले पोते ओट्यावर आपटावे तसा, खोल आणि बोदा. त्याच वेळी अवघा उतार बोटभर खाली बसल्यासारखे वाटले.

वाटाड्यांनी हात वर केला. कोणी हलले नाही. मग ते हलक्या आवाजात म्हणाले, "परत फिरायचं. एकेकानं. मध्ये अंतर ठेवून."

नव्या बर्फाखालचा कच्चा थर भाराने एकदम चेपला गेला आणि त्यातली हवा बाहेर पडली की असा आवाज होतो. याचा अर्थ, वरचा बर्फ खालच्या बर्फाला धरून राहिलेला नाही. तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर असे झाले तर सारा थर केव्हा सुटेल ते सांगता येत नाही. हे मला नंतर समजले. त्या क्षणी मला दिसत होती ती खिंड. एवढ्या लांबून आलेलो, रजा, खर्च, पडून पडून शिकलेले स्की, भिंतीवरचा तो फोटो! मी म्हणालो, "एवढ्या जवळ येऊन? तुम्हांला भीती वाटत असेल तर येथेच थांबा. मी एकटा जाऊन येतो."

हे शब्द लिहितानाही मला लाज वाटते. वाटाड्यांनी रागाने पाहिले नाही. ते फक्त माझ्या आणि खिंडीच्या मध्ये येऊन उभे राहिले.

खरे म्हणजे ही भाषा मला अपरिचित नव्हती. लहानपणी पावसाळ्यात वडिलांबरोबर शेताकडे जाताना कयाधू ओलांडावी लागे. वडील काठावर थांबून मला पाण्याकडे पाहायला नव्हे, ऐकायला सांगत. तळाशी धोंडे खडखडू लागले असले, तर पाणी घोट्याएवढे दिसले तरी ते नदीत पाय घालू देत नसत. वरच्या अंगाला पाऊस झाला आहे व लोंढा येतो आहे, अशी ती खूण. एकदा आम्ही त्यासाठी काठावर सबंध दुपार बसून काढली होती. त्या उतारावर हे मला आठवले असे मी म्हणणार नाही. आठवले ते खाली आल्यावर. वर असताना मी केवळ एक रुसलेला मनुष्य होतो आणि दुसऱ्याच्या सांगण्यावरून खाली उतरत होतो.

साडेअकराला झोपडी गाठली. कोणी कोणाशी बोलत नव्हते. मी दाराशी पाठ टेकून, मुद्दाम उताराकडे पाठ करून बसलो. दीडच्या सुमारास मागून गडगडाट ऐकू आला. आधी वाटले, मालगाडी पुलावरून चालली आहे. पण येथे गाडी कोठून येणार? वळून पाहिले तो अवघा उतार चालू लागला होता. वरच्या खडकाखाली एक निळसर रेघ उमटली होती आणि तिच्या खालचे सारे पांढरे पटांगण तुकडे तुकडे होऊन खाली येत होते. ते कुरणाच्या अलीकडे थांबले. हवेत उडालेला बर्फ बराच वेळ खाली बसत होता. आमची नागमोडी वाट खालच्या तीन वळणांपर्यंत दिसत होती. त्यापुढे वाट नव्हती.

मी बादली घेऊन बर्फ आणायला बाहेर पडलो. काहीतरी हाताला हवे होते. पुतण्या माझ्यामागून आला व फावड्याने बादली भरू लागला. सकाळपासून तो हसतमुख होता, आताही होता. तो म्हणाला, "मास्टरजी, चाचांच्या बोलण्याचा राग धरू नका. माझे वडील असेच मे महिन्यात गेले. मी तेव्हा दुसरीत होतो. चाचा बरोबर होते. त्यांनी थांबा म्हटलं होतं."

मी आत गेलो. वाटाड्ये चुलीपुढे बसून डाळ ढवळीत होते. काय बोलावे, कोणत्या शब्दांनी क्षमा मागावी, याची मी जुळवाजुळव करीत असता त्यांनीच मान वर केली व माझी पुडी पुढे करून विचारले, "मास्टरजी, तुमची हळद तेज दिसते. किती घालू?"

"चिमूटभर पुरे," मी म्हणालो. क्षमा मी नंतर, चूल विझल्यावर, अंधारात मागितली. ते "हूं" म्हणाले आणि कुशीवर वळले.

चौथा दिवस उतरण्याचा. रात्र निरभ्र व कडक थंडीची गेली होती. आम्ही निघण्याची घाई केली नाही, कारण वसंतातल्या बर्फाची एक विशिष्ट घटका असते. पहाटे तो काचेसारखा; त्यावरून घसरणे म्हणजे दात खिळखिळे करून घेणे. दुपारी तो चिखल. परंतु दरम्यान, उन्हाने वरचा अंगुळभर थर नुकता मऊ झालेला आणि खाली सारे घट्ट, अशी तासा-दीड तासाची वेळ येते. रोज वितळून आणि रोज गोठून बर्फाचे कण तेव्हा साबुदाण्यासारखे गोल झालेले असतात. वाटाड्ये दर पाच-दहा मिनिटांनी बाहेर जात, बुटाची टाच आपटून ऐकत आणि आत येऊन चहा घेत. मीही त्यांच्याबरोबर जाऊन ऐकू लागलो. टक्. टक्. टक्. आणि मग एकदा, खस्. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी मान डोलावली.

त्यांनी निवडलेला उतार सौम्य होता. त्यावर हिमलोटाचे भय नव्हते. पट्टे काढले, टाचा बसविल्या आणि मी स्वतःला सोडून दिले. कसे सांगू ते तुम्हांला? बैलगाडीच्या मागच्या दांडीला लोंबकळत उतारावरून गेला असाल, किंवा नव्या सायकलवरून पहिल्यांदा हात सोडले असतील, तर त्याची थोडी कल्पना येईल. वळताना स्कीखालचे कण लहान लाटेसारखे बाजूला उडत आणि मागे बारीक झरझर असा आवाज राही, सुपात साळी पाखडल्यासारखा. बत्तिसाव्या की तेहतिसाव्या वळणाला मी पडलो. पण तोवर मोजण्याइतकी वळणे झाली होती, हे काय थोडे झाले!

खाली जेथे बर्फ संपला तेथे जमिनीतून पिवळी फुले वर आली होती आणि बर्फाच्या कडेखालून पाणी सुटले होते. हाताच्या बोटाएवढी धार. ती ब्यासेत जाते, ब्यास पंजाबात हरिकेपाशी सतलजला मिळते. फळ्यावर मी ही नदी शेकडो वेळा निळ्या खडूने काढली असेल. ओंजळभर पाणी प्यालो. दात कळ मारून गेले.

जूनमध्ये शाळा उघडली. प्रश्न विचारणारा तो मुलगा आता आमच्या शाळेत नव्हता. पुढच्या शिक्षणासाठी तो दुसऱ्या गावी जाऊ लागला होता. तो भेटला हिंगोलीच्या हळदीच्या बाजारात, वडिलांबरोबर, पोत्यांच्या थप्पीआड. त्याने आपला प्रश्न केव्हाच विसरून टाकला होता. तरी मी तेथेच उभा राहून त्याला सगळे आवाज सांगितले: भाकरीसारखा, साळीसारखा, पोत्यासारखा. पोत्याचा सांगताना त्याने शेजारचे अर्धे भरलेले पोते उचलून धप्पकन खाली टाकले.

"असा?"

"याहून खोल."

"मग त्या खिंडीत तुम्ही गेलाच नाहीत?"

"नाही."

त्याला ते फारसे पटलेले दिसले नाही. तो काही विचारणार, एवढ्यात त्याचे वडील सुई-दोरा शोधत मागे वळले. "बरं केलंत गुरुजी," ते म्हणाले आणि पोत्याचे तोंड शिवू लागले.